चोथा, पाचट, मुरघास यांपासून बायोगॅस: टाकी आंबू न देता सुरू कशी करायची आणि चालवायची कशी

बंद पडलेली टाकी पाहायला गेलो की मी आधी एकच प्रश्न विचारतो: रोज काय घालता आणि किती? उत्तर बहुतेक वेळा पाट्यांमध्ये येतं. "आधी आठ पाट्या शेण घालत होतो, आता आठ पाट्या मक्याची कुट्टी घालतो." बिघाड तिथेच सुरू झालेला असतो.

शेण जनावराच्या पोटात एकदा पचून आलेलं असतं. त्याच्यासोबत मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) बनवणारे जंतू येतात, आम्लता झेलणारे क्षार येतात, निकेल-कोबाल्टसारखी सूक्ष्मद्रव्यं येतात. पीक, साली, चोथा यांत यातलं फारसं काही नसतं. असतं ते भरपूर आणि पटकन आंबणारं अन्न. टाकीत आम्ल बनवणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात, पण ते आम्ल खाऊन मिथेन बनवणाऱ्या जंतूंना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. पुढचं सगळं काम या मंद जंतूंच्या चालीने करायचं आहे.

## टप्पा १ : माल ओळखा

हाताशी आलेला प्रत्येक माल तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग झटपट आंबणाऱ्यांचा: फळांचा चोथा, बटाट्याची सालं, स्टार्च काढल्यावर उरलेला गाळ, मळी, सडका भाजीपाला. यांचा गॅस दोन-चार दिवसांत निघतो आणि टाकीही यांच्यामुळेच आंबते.

दुसरा ढीग सावकाश पचणाऱ्यांचा: हिरवी कुट्टी, मुरघास (हवाबंद मुरवलेली कुट्टी), गवत, पेंढा, पाचट. पेंढा आणि पाचट बारीक केल्याशिवाय घालू नका. लांब काड्या वर तरंगतात, एकमेकींत गुंततात आणि टाकीत गादीसारखा थर तयार होतो. एकदा तो वाळून घट्ट झाला की ढवळणीने फुटत नाही.

तिसरा ढीग नको असलेल्यांचा: लाकडाचा भुसा, पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांसारखी लाकूड झालेली धाटं, भाताचं तूस. यांतल्या लिग्निनला, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या भागाला, हे जंतू हात लावत नाहीत. हा माल नुसती जागा अडवतो.

काही माल गॅस भरपूर देतो, पण सोबत त्रासही आणतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतलं तेल मिथेनच्या जंतूंना मारक असतं, म्हणून ती एकूण मालात थोडीच ठेवा. पेंडीत नत्र जास्त असल्याने अमोनिया साठतो. तेलकट गाळाने फेस येतो. कांदा, कोबी, मोहरी या वर्गातल्या मालाने हायड्रोजन सल्फाइड वाढतो. मिठाच्या पाण्यातला माल जंतूंना सोसत नाही.

कर्ब आणि नत्राचं प्रमाण २० ते ३० ला १ असं बसवायचं असतं. नुसत्या पेंढ्यात कर्ब फारच जास्त, नुसत्या पेंडीत फारच कमी, म्हणून दोन्ही एकमेकांना आधार देतात. माझं मत विचाराल तर सुरुवात प्रक्रियेच्या कचऱ्यापासून करा आणि खास गॅससाठी पेरलेलं पीक हंगामाबाहेरची तूट भरायला ठेवा. जो माल नाहीतरी सडणारच आहे, तो आधी टाकीत जावा.

इशारा : प्रक्रिया केंद्रातून येणारा माल धुण्याच्या पाण्यासकट येत असेल तर त्या पाण्यात कॉस्टिक सोडा किंवा जंतुनाशक आहे का, ते विचारून घ्या. एका टँकरमधलं जंतुनाशक काही महिन्यांची मेहनत धुऊन नेतं.

## टप्पा २ : पाट्या सोडा, सेंद्रिय घन मोजा

गॅस पाण्यापासून बनत नाही, मातीपासूनही नाही. तो बनतो मालातल्या सेंद्रिय घनभागापासून, आणि टाकीवरचा भारही त्यातच मोजायचा. १०० ग्रॅम नमुना १०५ अंश सेल्सियसला, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा; साधारण एक दिवस लागतो. उरतं ते एकूण घन. तेच ५५० अंशांच्या भट्टीत जाळलं की राख उरते. एकूण घनातून राख वजा केली की सेंद्रिय घन मिळतो. अशी भट्टी प्रयोगशाळेत असते. वर्षातून दोन-तीनदा आणि नवा माल येईल तेव्हा नमुना पाठवलात तरी पुरे.

आता हिशोब. मक्याच्या चांगल्या मुरघासात एकूण घन ३० टक्के आणि त्यातला ९५ टक्के सेंद्रिय धरला, तर टनामागे २८५ किलो सेंद्रिय घन होतो. शेण-पाणी सारख्या भागाने कालवलेल्या रबडीत तो टनामागे साधारण ७० किलो असतो. म्हणजे वजन तेच, भार चौपट. आठ पाट्यांच्या जागी आठ पाट्या घातल्या की काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

ढवळणी असलेल्या आणि ऊब राखणाऱ्या टाकीला रोज दर घनमीटरमागे २ ते ३ किलो सेंद्रिय घन झेपतो. ढवळणी नसेल तर १ ते १.५ च्या पुढे जाऊ नका. समजा टाकीतला द्रवभाग ५० घनमीटर आहे आणि भार २ किलो ठरवला, तर रोज १०० किलो सेंद्रिय घन जायला हवा. तो असा बसतो:

– मुरघास २७० किलो : ७७ किलो सेंद्रिय घन
– रबडी ३३० किलो : २३ किलो सेंद्रिय घन

रोज एकूण ६०० किलो माल आत जातो. ५० घनमीटरला त्याने भागलं की माल टाकीत सुमारे ८३ दिवस मुक्काम करतो. पिकाच्या मालाला ६० ते ९० दिवस हवेतच. शेणाच्या टाकीचे ३०-४० दिवस इथे धरलेत तर निम्मा माल न पचताच बाहेर पडेल. सगळं जमलं तर या भरणातून रोज साधारण ५० ते ५५ घनमीटर बायोगॅस मिळावा. मिथेन ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्या बायोगॅसच्या एका घनमीटरमध्ये साडेपाच युनिटांएवढी ऊर्जा असते. जनित्रातून वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच निघते, बाकीची उष्णता. ती उष्णता टाकी गरम ठेवायला वापरा.

रबडी काढून टाकून नुसत्या मुरघासावर टाकी चालवायचा मोह होतो. काही महिने ती छान चालतेही. मग सुरुवातीला विरजण म्हणून घातलेल्या, चालू टाकीतल्या मालातून आलेली निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, सेलेनियम ही द्रव्यं हळूहळू संपतात आणि कारण दिसत नसताना गॅस घसरतो. थोडी रबडी रोज जात राहिली की हा प्रश्न सहसा येत नाही.

## टप्पा ३ : कुट्टी आणि मुरघास

पीक दाणे चिकात असताना, एकूण घन २८ ते ३५ टक्के असताना कापा. याहून ओलं असेल तर मुरघासातून रस गळतो आणि गॅस त्याच्यासोबत वाहून जातो. याहून सुकं असेल तर ते नीट दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते. गॅससाठीची कुट्टी जनावरांच्या कुट्टीपेक्षा बारीक, ५ ते ८ मिलिमीटर ठेवा.

खड्ड्यात पातळ थर पसरा आणि प्रत्येक थरावर ट्रॅक्टर फिरवा. कडेच्या भिंतींजवळ दाबायला लोक कंटाळतात आणि सडतंही नेमकं तिथेच. खड्डा भरला त्याच दिवशी प्लास्टिकने हवाबंद झाका आणि वर वजन ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी मुरघास तयार होतो. उघडल्यावर रोज एका कडेने सरळ कापत जा. तोंड जितकं मोठं उघडं राहील, तितका माल हवेत जळतो.

ओला चोथा हंगामात एकदम येतो आणि टिकत नाही. त्याच्या थरांमध्ये चिरलेला पेंढा घालून मुरवा. पेंढा रस शोषतो आणि चोथ्यातली साखर आम्ल बनून माल टिकवते.

तपासणी : मूठभर मुरघास घट्ट पिळा. बोटांमधून रस टपकला तर ओला आहे. मूठ उघडताच गोळा झटकन सुटला तर कोरडा आहे. गोळा हळूहळू उलगडत गेला तर बरोबर आहे. वास आंबटगोड असावा. कुबट किंवा खवट वासाचा थर बाजूला काढा आणि टाकीत घालू नका.

## टप्पा ४ : आधी टाकी आणि गॅसची वाट

विरजण घालण्याआधी टाकी पाण्याने भरून दोन दिवस पातळी पाहा. वरचा भाग आणि नळ्या हवेच्या दाबाखाली ठेवून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. गळती काडी ओढून कधीही तपासू नका.

गॅस टाकीतून ओला आणि उबदार निघतो, आणि नळीत थंड झाला की त्याचं पाणी होतं. म्हणून नळीला सलग उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. नळीत एकच झोळ राहिला तरी तिथे पाणी साठतं आणि गॅस थबकतो. "गॅस बनतच नाही" या तक्रारीवर मी बऱ्याचदा एवढाच झोळ काढून परत आलो आहे.

दाब वाढला तर गॅस बाहेर सोडणारी आणि पोकळी झाली तर टाकी वाचवणारी अशी दोन्ही कामं करणारी पाण्याची सील हवीच. तिच्यातलं पाणी रोज पाहायचं. बर्नर किंवा इंजिनाआधी ज्योत नळीतून मागे टाकीकडे जाऊ न देणारा ज्योतरोधक बसवा. हायड्रोजन सल्फाइड काढायला लोखंडाच्या गंजाचा किंवा लोहचुऱ्याचा फिल्टर चालतो. पण तो बदलताना काढलेला माल ओला ठेवून उघड्यावर पसरा. हवा लागताच तो तापतो आणि पेटूही शकतो.

इशारा : टाकीत, तिच्या खड्ड्यात किंवा स्लरीच्या (टाकीतल्या पचलेल्या पातळ मालाच्या) बंद कुंडीत कोणीही उतरू नये, रिकामी असली तरी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक तो ओळखेनासं होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. एक माणूस आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. आत काम करायचंच असेल तर हवा खेळवणारा पंखा, गॅसमापक, स्वतंत्र हवेचा मुखवटा, कमरेला दोर आणि बाहेर दोन माणसं असल्याशिवाय नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ठिणगीने स्फोट होतो, हेही ध्यानात ठेवा.

## टप्पा ५ : विरजण

दूध नुसतं कोमट ठेवून दही लागत नाही, विरजण लागतंच. इथेही तेच आहे. नीट चालणाऱ्या बायोगॅस टाकीतली ताजी स्लरी आणा, शक्यतो टाकीच्या निम्मी, निदान एक तृतीयांश. आणताना ती उबदार राहावी आणि उघड्यावर दिवसेंदिवस पडून राहू नये. उरलेला भाग ताज्या शेणाच्या पातळ रबडीने भरा. अशी स्लरी मिळालीच नाही तर नुसत्या शेणाच्या रबडीवर सुरू करा, पण मग पिकाचा माल घालायला आणखी महिना-दीड महिना थांबावं लागेल.

टाकी बंद करून तापमान रोज एखाद्या अंशाने वाढवत ३७ ते ४० अंशांवर आणा आणि तिथे स्थिर ठेवा. आज ४०, उद्या ३४ यापेक्षा रोज ३६ कितीतरी चांगलं.

पहिल्या भरात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो न पेटवता, उघड्या जागेत, उंचावर, ठिणगीपासून लांब सोडून द्या. ज्योत स्वतःहून टिकू लागेपर्यंत टाकीत पिकाचा एक दाणाही घालायचा नाही.

## टप्पा ६ : भार चढवणं

बहुतेक टाक्या याच टप्प्यावर जातात, म्हणून इथे सावकाश वाचा.

सुरुवात दर घनमीटरमागे ०.५ किलो सेंद्रिय घनापासून. वरच्या ५० घनमीटरच्या टाकीत ते २५ किलो होतं, म्हणजे सुमारे ७० किलो मुरघास आणि वर थोडी रबडी. हा भार दोन आठवडे ठेवा. मग ०.५ ने वाढवा आणि पुन्हा दोन आठवडे थांबा. २ किलोवर पोचायला दोन महिने सहज लागतात. रोजचं भरण एकदम न घालता दोन-चार वेळा विभागून घाला. सुट्टीच्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट भरण घालून करू नका.

माल बदलायचा असेल तरी हीच रीत: आठवड्याला एकूण भाराच्या दहा टक्क्यांहून जास्त बदल नको.

मी स्वतः एक टाकी फळांच्या चोथ्यावर घालवली आहे. चोथ्याचा ढीग पडून सडत होता आणि तो वाया जाऊ नये म्हणून तिसऱ्याच आठवड्यात पूर्ण भरण सुरू केलं. पाचव्या दिवशी गॅसची टाकी दुपारीच भरली आणि मला वाटलं, जमलं. संध्याकाळी बर्नर पेटवला तर ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन विझत होती. पीएचची (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) पट्टी मात्र ७ दाखवत होती, म्हणून मी भरण चालूच ठेवलं. अकराव्या दिवशी नमुन्याला व्हिनेगर आणि खवट लोणी मिसळल्यासारखा वास होता आणि पीएच ५.८. पुढे दीड महिना त्या टाकीने काही दिलं नाही. तो वाढलेला गॅस मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता. गॅस अचानक वाढला तर आनंद नंतर करा, आधी तो पेटवून पाहा.

## टप्पा ७ : रोज काय पाहायचं

पीएच ६.८ ते ७.५ मध्ये हवा, पण त्याच्यावर विसंबू नका. स्लरीतले क्षार आम्ल झेलत राहतात आणि ते संपेपर्यंत पीएच हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी इशारा मिळतो तो आम्ल आणि क्षार यांच्या गुणोत्तरातून. त्याला एक ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रव सोडणारी खुणांची काचनळी), ०.१ नॉर्मल तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल आणि पीएचमापक एवढंच लागतं:

१. स्लरी गाळून २० मिलिलिटर घ्या.
२. ढवळत आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच ५.० वर आणा. लागलेलं आम्ल मिलिलिटरमध्ये म्हणजे 'अ'.
३. तसंच पुढे पीएच ४.४ पर्यंत आणा. या दुसऱ्या पायरीत लागलेलं आम्ल म्हणजे 'ब'.
४. क्षार = अ × २५०. आम्ल = (ब × १.६६ − ०.१५) × ५००. आम्लाला क्षाराने भागा.

समजा अ ४० आणि ब ४.५ आले. क्षार १०,०००, आम्ल ३,६६० आणि गुणोत्तर ०.३७. साधारण ०.३ च्या आसपास टाकी निवांत असते. ०.४ च्या पुढे गेलं तर भरण निम्म्यावर आणा, ०.५ च्या पुढे तर थांबवा. ०.२ च्या खाली असेल तर टाकी उपाशी आहे, थोडं वाढवता येईल. नेमका आकडा टाकीगणिक थोडा वेगळा असतो. आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहिलंत तर दोन महिन्यांत तुमच्या टाकीचा नेहमीचा आकडा कळतो. आकडा सलग तीन वेळा चढत गेला, तर तो कितीही लहान असला तरी भरण वाढवू नका.

वहीत रोजचे रकाने पाच: काय आणि किती घातलं, तापमान, गॅस किती, ज्योत कशी, वास कसा.

बाहेर पडणाऱ्या स्लरीची कुंडी शक्य तर झाका, तिच्यातूनही काही दिवस गॅस निघत राहतो. स्लरीतलं नत्र उडून जाणाऱ्या अमोनियाच्या रूपात असतं, म्हणून ती शेतात टाकली की लगेच मातीत मिसळा. ऊन चढल्यावर पसरू नका.

## टप्पा ८ : टाकी आंबलीच तर

भरण पूर्ण बंद करा. "थोडं थोडं चालू ठेवू" हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. तापमान तेच ठेवा आणि ढवळणी मंद करा.

क्षार वाढवायचे असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घाला आणि प्रत्येक वेळी मोजा. पीएच ७ च्या जवळ आला की थांबा. चुना स्वस्त म्हणून लोक तो ओततात. पण चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आत पोकळी तयार होते आणि सील कोरडी असेल तर टाकीचं छत दबू शकतं. तळाशी दगडासारखा थर साचतो तो वेगळाच.

इशारा : पेंड किंवा कोंबडखत जास्त गेलं असेल आणि स्लरीला अमोनियाचा तिखट वास असेल, तर सोडा अजिबात घालू नका. पीएच चढला की अमोनिया आणखी विषारी होतो. अशा टाकीत पाणी घालून नत्र पातळ करा आणि पेंढ्यासारखा कर्बवाला माल अगदी थोडा थोडा द्या.

चांगल्या टाकीतली ताजी स्लरी मिळाली तर द्रवभागाच्या १० ते २० टक्के घाला. पीएच बरेच दिवस ५.५ च्या खाली राहिला असेल तर निम्मी टाकी उपसून नवं विरजण लावणंच कमी वेळाचं ठरतं. मग वाट पाहायची. गुणोत्तर ०.३ च्या जवळ उतरलं आणि ज्योत सलग आठवडाभर निळी राहून बर्नरला धरून जळली, की जुन्या भाराच्या पाव हिश्श्यापासून भरण सुरू करा आणि टप्पा ६ च्या पायऱ्या पुन्हा दोन-दोन आठवडे थांबतच चढा.